चार दिवसांत किट फसलं? आधी बाटलीवरचा आकडा वाचा

प्रश्न थोडक्यात असा: "मी ४१ वर्षांचा, मूळचा सोलापूरचा, सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. कॉलेजपासून सिगारेट ओढतो, सध्या दिवसाला पंधरा. गेल्या शनिवारी ई-सिगारेटचं स्टार्टर किट घेतलं, सोबत ३ मिलिग्रॅमचं आंब्याच्या चवीचं लिक्विड. पहिल्याच कशाला जोरात ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून करपट चव येते. कितीही ओढलं तरी तलफ जात नाही. आता किटही चालू आहे आणि आठ सिगारेटीही. बायको म्हणते, या वाफेने फुप्फुसं निकामी होतात, त्यापेक्षा तुझी सिगारेट परवडली. घरात चार वर्षांची मुलगी आहे. दिवाळीला तीन आठवडे सोलापूरला जायचंय. किट सोबत नेलं तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात पोलीस येतात. नाही, चालणार नाही. त्याचं सविस्तर खाली लिहिते. आधी किटकडे येऊ.

मी लेस्टरला फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या मागे आमची एक छोटी खोली आहे, दोन खुर्च्या मावतील एवढी. गेली अकरा वर्षं सिगारेट सोडू पाहणारी माणसं त्यातल्या एका खुर्चीत येऊन बसतात. त्यांतले निम्मे तरी "ते ई-सिगारेटचं करून बघितलं, मला नाही जमलं" असं सांगत आत येतात. पिशवीतून किट काढून टेबलावर ठेवायला सांगितलं, की दहापैकी सात-आठ वेळा तुमच्यासारखीच कहाणी निघते. माणूस नापास झालेला नसतो. यंत्र एका प्रकारचं आणि लिक्विड दुसऱ्याच प्रकारचं, अशी विजोड जोडी त्याच्या गळ्यात पडलेली असते.

बाटली हातात घ्या. लेबलावर बारीक अक्षरांत दोन आकडे असतील, ७०-३० किंवा ५०-५० असे. लिक्विडमध्ये मुळात चारच गोष्टी असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, निकोटिन आणि चव-वास. पहिलं पातळ, दुसरं काकवीसारखं दाट. ३ मिलिग्रॅमची लिक्विडं बहुधा ७० टक्के ग्लिसरीनची असतात, कारण ती मोठ्या, ढगच्या ढग सोडणाऱ्या यंत्रांसाठी बनवलेली असतात. त्या यंत्रांची कॉइल (लिक्विड तापवणारी तार आणि तिची वात) मोठी, तिची भोकं मोठी, एका कशाला लिक्विडही भरपूर उडतं. स्टार्टर किट म्हणून मिळतं ते साधारण पेनाएवढं किंवा काडेपेटीएवढं, एक ओहमच्या आसपासच्या कॉइलचं. तिच्यातली कापसाची वात बारीक असते. दाट लिक्विड त्या वातीत वेळेवर चढत नाही.

निरांजनातलं तूप थंडीत गोठलं की काय होतं ते आठवा. तूप दिसतं भरपूर, पण वातीपर्यंत पोचत नाही, आणि मग वातच जळायला लागते. तुमची करपट चव म्हणजे नेमकी तीच जळकी वात. एकदा करपलेली वात पुन्हा सुधारत नाही, त्यामुळे "थोडं वापरलं की जाईल" म्हणून ओढत बसू नका. कॉइल फेका, नवी घाला. नव्या कॉइलच्या वातीवर ५०-५० लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, टाकी भरा आणि उभी ठेवून चहा होईस्तोवर विसरून जा. दहा मिनिटं पुरतात. बटण न दाबता दोन-तीन रिकामे कश ओढलेत तर वात आणखी चांगली भिजते. बंद टाकीचं, पॉडचं किट असेल तर थेंब टाकायला जागा नसते. तिथे भरून फक्त थांबायचं. हे न करता दुकानाच्या दारातच भरून ओढल्यामुळे जळालेल्या कॉइलींची मोजदाद मी सोडून दिली आहे.

कॉइल साधारण एक ते दोन आठवडे टिकते. आंबा, गुलाबजाम, कॅरॅमल असल्या गोड चवींत ती लवकर काळी पडते, कारण गोडवा तारेवर चिकटून करपतो. गोड हवं तर घ्या, माझी हरकत नाही. पण कॉइली जास्त लागतील हे धरून चला.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे तो ३ चा आकडा.

दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणाऱ्या माणसाला ३ मिलिग्रॅम देणं म्हणजे दोन भाकऱ्यांची भूक असलेल्याला चार कुरमुरे देणं. इथल्या कायद्याप्रमाणे लिक्विडमध्ये मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं, टाकी २ मिलिलिटरची आणि बाटली १० मिलिलिटरची. २०१६ च्या नियमांनी या मर्यादा आल्या. तुमच्यासारख्याला मी सुरुवातच १८ ते २० ने करून देते. त्याआधी एक प्रश्न मात्र विचारते: सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत लागते? अर्ध्या तासाच्या आत असेल, तर दिवसाचा आकडा दहा असो की वीस, शरीर निकोटिनला घट्ट बांधलेलं आहे. पाच मिनिटांत असेल, तर किटच्या जोडीला निकोटिनची पट्टीही लावावी लागते. दिवसाच्या आकड्यापेक्षा हा मिनिटांचा आकडा मला जास्त सांगून जातो.

लोक ३ किंवा ६ का घेतात, तेही मला ठाऊक आहे. "एवीतेवी सोडायचंच आहे, मग कमीच घेऊ." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. सुरुवातीला मीही हेच करायचे. अंगावर पांढरा कोट, हातात २० ची बाटली द्यायची म्हणजे मलाच कसंतरी व्हायचं. एका ट्रकचालकाला मी अशीच ६ ची बाटली दिली होती. माणूस पंचवीस सिगारेटींचा. आठवड्याने आला आणि किट टेबलावर ठेवून म्हणाला, "दिवसभर तोंडात आहे, तरी हात खिशातल्या पाकिटाकडेच जातो." चूक माझी होती, त्याची नव्हे. दुसऱ्यांदा यायला त्याला दोन वर्षं लागली.

निकोटिन कमी पडलं की माणूस दोनपैकी एक करतो. एक तर लांब-लांब कश घेऊन दिवसाला दुप्पट-तिप्पट लिक्विड उडवतो, म्हणजे निकोटिन तेवढंच आणि वाफ मात्र जास्त पोटात. नाहीतर सिगारेट पेटवतो. तुम्ही दोन्ही करताय.

व्यसन लावतं निकोटिन. मारतो तो धूर. मायकेल रसेल नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ साली ही गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आणि माझ्या कामाचा अर्धा भाग अजूनही तेवढंच पटवून देण्यात जातो. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यांतली सत्तरेक कर्करोग करणारी. ती येतात तंबाखू जळण्यातून. किटमध्ये काही जळत नाही (वात करपते तेव्हा सोडून!), त्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही नाही. निकोटिन अगदी साळसूद आहे असं मी म्हणत नाही. नाडी वाढवतं, रक्तदाब थोडा चढवतं, गरोदरपणात आणि वाढत्या वयातल्या मेंदूला तर ते नकोच. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने या किटकडे बघूसुद्धा नये. पण तुमच्या रक्तात ते वीस वर्षं रोज आहेच. प्रश्न एवढाच आहे, की ते धुराबरोबर येणार की धुराशिवाय.

जास्त झालं तर? शरीर सांगतं. मळमळ, गरगरणं, उचकी, डोकं जड. किट खाली ठेवा, पाणी प्या. निकोटिन रक्तात दोन-एक तासांत निम्मं होतं, आणि हे त्रास त्याच्याही बरेच आधी ओसरतात. सिगारेटवरही जास्त झाल्यावर तुम्ही नकळत हात आखडता घेत होतात, तसाच इथेही घ्याल.

लिक्विड घेताना "निकोटिन सॉल्ट" असं लिहिलेलं मागा. साधं निकोटिन १८-२० च्या ताकदीला घशात ओरबाडतं. सॉल्टमध्ये आम्ल मिसळून त्याची धार कमी केलेली असते. सिगारेटचा घशाला बसणारा तो ओळखीचा फटका हवा असेल तर साधं १२ चं घ्या. काहींना तो फटका नसेल तर ओढल्यासारखंच वाटत नाही. हे चवीसारखंच आहे, ज्याचं त्याला कळतं.

ठसक्याचं कारण बहुतेक तुमच्या ओढण्यात आहे. सिगारेटचा कश छोटा, झटक्याचा असतो, एक-दीड सेकंदाचा. त्याच सवयीने किट ओढलं की तार नीट तापायच्या आत तुम्ही थांबता, हाती काही लागत नाही, मग चिडून जोर लावता आणि गरम, ओली वाफ सरळ छातीत जाते. लस्सी स्ट्रॉने पितो तसं ओढा: हळू, तीन-चार सेकंद, आधी गालात, मग आत. पहिले दोन-तीन दिवस तरीही थोडा ठसका लागेल. धुराने बधिर झालेल्या घशाला ही वाफ नवी असते. तोंडही कोरडं पडेल, कारण प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

आणखी एक फरक कुणी सांगत नाही. सिगारेटला शेवट असतो. थोटूक हातात उरलं की मेंदूला कळतं, झालं. किटला शेवट नाही. शिवाय सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत डोक्यात पोचतं, किटचं जरा रेंगाळत जातं. म्हणून तलफ अंगावर आल्यावर किट शोधायला जाऊ नका, तोवर उशीर झालेला असतो. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, आठ-दहा कश. मग दर अर्ध्या-पाऊण तासाने चार-पाच. पहिल्या महिन्यात मोजत बसू नका. "सारखं हातात असतं" म्हणून कुणी टोमणा मारला तर मारू द्या.

आता त्या आठ सिगारेटी. पंधराच्या आठ झाल्या म्हणून तुम्हाला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतंय, आणि इथेच मला कडू बोलावं लागतं. हृदयाचा हिशेब असा सरळ चालत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा निघाला. विसाव्या हिश्शाचा नव्हे, निम्मा. शिवाय जो आठ ओढतो तो त्या आठ जास्त खोल ओढतो. किट आणि सिगारेट एकत्र चालवणं हा दोन-तीन आठवड्यांचा पूल म्हणून ठीक आहे. त्यावर घर बांधू नका.

हे पटवायला माझ्याकडे शब्दांपेक्षा एक बरं साधन आहे. मुठीत मावणारं यंत्र, पुढे पुठ्ठ्याची नळी. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग हळूहळू सगळा सोडायचा. पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा येतो. दहाच्या खाली आला तर आम्ही 'ओढत नाही' अशी नोंद करतो. गेल्या हिवाळ्यात एक टॅक्सीवाले काका आले होते, दिवसाला वीस. आकडा आला २६. माझ्याकडे असं बघितलं, जणू यंत्र मीच तापवून ठेवलं होतं. सोमवारी २० मिलिग्रॅमचं किट दिलं आणि पाकीट माझ्यासमोर कचऱ्यात टाकायला लावलं. गुरुवारी येऊन फुंकले: ३. दिवसभर किट ओढूनसुद्धा ३. त्यांनी पुन्हा फुंकायला मागितलं, मग बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि तिसऱ्यांदा फुंकले. कार्बन मोनॉक्साइड शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जातो, त्यामुळे हा निकाल आठवड्याच्या आत डोळ्यांना दिसतो. तुमच्या भागातल्या सिगारेट सोडवणाऱ्या सेवेकडे असं यंत्र असेल. जाऊन फुंका. आठ सिगारेटी चालू असताना एकदा आणि सगळ्या बंद केल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा.

त्या सेवेकडे जा म्हणते याला आणखी एक कारण आहे. इंग्लंडमध्ये याच सेवांमधून ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेली एक चाचणी २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. निम्म्यांना पट्ट्या, गोळ्या, स्प्रे यांतलं आवडेल ते. निम्म्यांना असंच स्टार्टर किट, १८ मिलिग्रॅमच्या एका बाटलीसह. आकडा लक्षात घ्या, १८. वर्षाने किटवाल्यांतले १८ टक्के सिगारेटमुक्त होते आणि पट्टी-गोळीवाल्यांतले ९.९ टक्के. जवळजवळ दुप्पट. पण दोन्ही गटांना पहिले किमान चार आठवडे दर आठवड्याला माणूस भेटत होता, बोलत होता. नुसतं किट विकत घेऊन एकट्याने घरी बसण्याचा हा निकाल नाही. आणि हेही सांगते, की १८ टक्के जमले म्हणजे ८२ टक्क्यांना त्या वेळी जमलं नाही. म्हणून पहिल्या फटक्यात नाही जमलं तर स्वतःला लाखोली वाहू नका. त्याच चाचणीत सिगारेट सुटलेल्या किटवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही किट वापरत होते, हा तिचा दुसरा चेहरा. काही डॉक्टरांना तो खटकतो. मला विचाराल तर पहिले तीन महिने उतरण्याचा विषयही काढू नका. नंतर २० वरून १२, १२ वरून ६, आणि प्रत्येक पायरीवर निदान महिनाभर. खाली उतरल्यावर सिगारेटची आठवण यायला लागली, तर लाज न बाळगता एक पायरी परत वर.

वहिनींच्या शंकेवर हसू नका. ती हवेतून आलेली नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण फुप्फुसाच्या भयंकर आजाराने रुग्णालयात यायला लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले आणि ६८ दगावले. बातम्यांत सरसकट 'व्हेपिंग' असं आलं. तपासात मुख्य दोषी निघालं ते गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजमध्ये भेसळ केलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. फुप्फुसात जाणारं तेल म्हणतात ते हेच. इथल्या नोंदणीकृत निकोटिन लिक्विडमध्ये जीवनसत्त्वं घालायला बंदीच आहे. 'पॉपकॉर्न लंग'चं (फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या आजाराचं) नाव ज्यामुळे निघतं त्या डायअसिटिललाही बंदी आहे. त्यामुळे नोंदणी नसलेली, मिलिलिटरमागे २० च्या वर दावा करणारी, टाकी भलतीच मोठी असलेली वस्तू कुणी स्वस्तात दिली तर घेऊ नका. एकदाच वापरून फेकायची यंत्रं तर १ जून २०२५ पासून इथे विकायलाही बंदी आहे.

मग सुरक्षित आहे का? सिगारेटशी तुलना केली तर खूपच कमी घातक. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली ९५ टक्के कमी असा अंदाज दिला होता. तो आकडा तज्ज्ञांच्या अंदाजावर उभा आहे, म्हणून त्याच्यावर टीकाही झाली, आणि मी तो फार मिरवत नाही. आजचं हे यंत्र होन लिक नावाच्या एका चिनी फार्मासिस्टने २००३ साली बनवलं (आमच्याच जातकुळीतला माणूस, म्हणून नाव लक्षात राहिलं). म्हणजे चाळीस वर्षं वाफ ओढलेला माणूस जगात अजून कुठेच नाही. स्वच्छ हवेशी तुलना केली तर हवाच जिंकते. वहिनींना एवढं सांगा: "वाफ आणि काहीच नाही, यात निवडायचं असतं तर मीही काहीच नाही हेच निवडलं असतं. माझी निवड वाफ आणि धूर यांच्यात आहे."

मुलीसाठी मात्र कडक राहा. लिक्विडची बाटली औषधांच्या कुलपात. झाकण मुलांना न उघडणारं असतं, पण आंब्याचा वास येणारी रंगीत बाटली चार वर्षांच्या मुलीला काय वाटेल, ते तुम्हीच सांगा. २० मिलिग्रॅमचं लिक्विड पोटात गेलं तर तिच्यासाठी ते विष आहे. किट ओढायचं घराबाहेर. चार्जिंग किटसोबत आलेल्या वायरने, जागेपणी, उशीखाली नाही.

माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धुरातले डांबराचे घटक यकृताला काही पदार्थ झपाट्याने फोडायला लावतात आणि त्यांत कॅफीन पहिलं. धूर बंद झाला की यकृत आपल्या मूळ चालीवर येतं आणि त्याच तीन मग कॉफीचं कॅफीन रक्तात जवळजवळ दुप्पट व्हायला लागतं. धडधड, चिडचिड, रात्री टक्क जाग. माणूस म्हणतो, निकोटिन सोसत नाही! निकोटिनचा त्यात काही संबंध नसतो. पहिल्याच दिवसापासून कॉफी निम्मी करा. चहाही दोन कपांवर आणा. याच कारणाने थिओफिलिन (दम्याचं औषध), क्लोझापिन किंवा ओलँझापिन (मानसिक आजारांची औषधं) घेणाऱ्यांनी सिगारेट बंद करण्याच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, मात्रा कमी करावी लागू शकते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी.

पैशाचं थोडक्यात. वीसचं पाकीट इथे पंधरा पौंडांच्या पुढे गेलंय. १० मिलिलिटरची बाटली तीन-चार पौंडांत येते आणि तुमच्यासारख्याला पाच-सहा दिवस पुरेल. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरवर २ पौंड २० पेन्स नवा कर ठरलेला आहे. तो धरूनही फरक राहतोच.

आता सोलापूर. भारतात ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळंच बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजारांपर्यंत. "एकच आहे, स्वतःसाठी आहे" ही सबब मुंबई विमानतळावरच्या कस्टमच्या टेबलावर चालत नाही. किट, लिक्विड, सुट्या कॉइली, सगळं स्लाउला ठेवून जा. तिथे गेल्यावर कुणी 'मिळतं, आणून देतो' म्हणालं, तर तो काळ्या बाजारातला माल. त्यात काय भरलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मग तीन आठवडे कसे काढायचे? निघायच्या दहा दिवस आधी फार्मसीतून निकोटिनच्या पट्ट्या आणि ४ मिलिग्रॅमचं च्युइंगम घ्या. पट्टीचा वापर इथेच सुरू करा, म्हणजे कातडीला खाज येते का तेही कळेल. पट्टी रोज सकाळी, रोज नव्या जागी. ती दिवसभराची खालची पातळी सांभाळते. वर अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी च्युइंगम. च्युइंगम पान चघळल्यासारखं चघळत राहायचं नाही. तिखट चव येईस्तोवर चार-सहा वेळा चावायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चव गेली की पुन्हा. सोलापूरकरांना तंबाखूची चिमूट कुठे ठेवतात ते शिकवायला नको, जागा तीच. चहाबरोबर मात्र नको, चहा-कॉफीने निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. पंधरा मिनिटं अंतर ठेवा. कमी पडलंच तर तिथल्या औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं मिळतं. मराठीतून कुणाशी बोलावंसं वाटलं तर १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर फोन करा, फुकट आहे.

अवघड जागा घर नाही, टपरी आहे. संध्याकाळी जुने मित्र भेटणार, कुणीतरी एक पुढे करणार. सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवाल्याच्या काचेच्या बरणीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. पहिले चार-पाच दिवस मित्रांना घरी बोलवा. आईच्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर असली की निम्मे जण टपरीचं नावही काढत नाहीत. त्यांतल्या एकाला आधीच फोन करून सांगून ठेवा, की मला देऊ नकोस आणि दुसऱ्या कुणाला देऊही देऊ नकोस.

परत आल्यावर टाकीत उरलेलं तीन आठवड्यांचं लिक्विड ओतून टाका, कॉइल नवी घाला, दहा मिनिटं थांबा. आणि तीन आठवडे पट्टीवर निघाले असतील तर किट कपाटातच राहू द्या; पट्टीवरूनच पुढे जाऊ, मग ती कशी उतरवायची ते मला विचारा.